भावोजींचा बेस

शनिवार, ३ फेब्रुवारी

सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा डायरी लिहायला घेतोय. आज मी भलतंच काहीतरी बोलून बसलोय आणि ते कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर उद्या मीच कानावर हात ठेवेन.

हिच्या धाकट्या भावाचा बँड आहे. तो गातो आणि गिटार वाजवतो. ड्रमवर त्याचा एक मित्र आहे, गाडी शिकवायचे क्लास चालवतो, सगळे त्याला क्लच म्हणतात. आणि बेस गिटार वाजवणारा एक उंच मुलगा. फर्निचरच्या दुकानाखाली एक हॉल आहे, त्याला तळघर म्हणतात. सत्तर माणसं मावतात, शंभर घेतात. महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी गावातले तीन बँड तिथे वाजवतात. आज आम्ही तिघं गेलो होतो, ही, मी आणि बबडी. बबडी म्हणजे आमची मुलगी, सोळा वर्षांची.

पहिला एक टकलू गृहस्थ होता, एकटाच, कीबोर्ड घेऊन. आवाज बरा होता पण घाबरला होता. दुसऱ्या गाण्याला पुढच्या टोळक्याने मुद्दाम चुकीच्या ठेक्यावर टाळ्या सुरू केल्या. तो टाळ्यांना धरून गायला बघायचा, हात एकीकडे आणि गळा दुसरीकडे. बघता बघता अख्खा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मीही वाजवल्या. खरं सांगायचं तर हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. बबडीने माझा हात धरून खाली ओढला. "बाबा, नको ना." म्हटलं, अगं गंमत आहे. तो गाणं अर्ध्यात सोडून वायर गुंडाळायला लागला, तरी टाळ्या चालूच.

मेव्हण्याचा बँड शेवटी होता. मस्त वाजवलं. बाहेर आल्यावर कळलं की बेसवाल्याची बदली झालीये, पुढच्या महिन्यात चाललाय. आता कोण, असं सगळे म्हणत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी वाजवतो की."

क्लचने मेव्हण्याकडे बघितलं.

"भावोजी, तुम्ही?"

"कॉलेजात दोन वर्षं वाजवलाय. गिटार अजून आहे कपाटावर."

ही म्हणाली, "का नाही? घरातलाच माणूस." हिचे उपकार मी विसरणार नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

गिटार खाली काढली. चारपैकी दोन तारा गंजलेल्या. नव्या आणल्या. बोटांना फोड.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसतो. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, स्क्रू आवळायचे. गिऱ्हाईक मला कधी दिसत नाही, मी गिऱ्हाइकाला दिसत नाही. आज दिवसभर मशीनच्या आवाजावर मनातल्या मनात ठेका धरत होतो. एका काचेची कड उडाली. मालक म्हणाले, "लक्ष कुठंय?" मी सांगितलं नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

पहिली तालीम. क्लचच्या ऑफिसात, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते. तीन गाणी झाली. मेव्हणा दर वेळी म्हणत होता, "परत एकदा घेऊ." कामात पक्का आहे.

शुक्रवार, ८ मार्च

रोज दोन तास. फोनवर ठेक्याचं ॲप घातलंय, ते टकटक करतं आणि मी त्याच्यामागे धावतो. क्लच म्हणाला, "भावोजी, ब्रेकवरचा पाय काढा." सगळे हसले. मीही. मी थोडा मागे राहतो म्हणे. थोडा म्हणजे किती ते कुणी सांगत नाही. बबडीला विचारलं तर ती म्हणाली, "मागे आहेस, पण जमेल. माझ्याबरोबर टाळी वाजव." जेवणानंतर अर्धा तास आम्ही दोघं स्वयंपाकघरात टाळ्या वाजवत बसलो. ही वैतागली, "काय लहान मुलांसारखं!"

रविवार, २४ मार्च

सासरी सगळे जमलो होतो. एकवीस वर्षं मी त्या घरात जेवतोय. मोठे जावई बांधकामातले, त्यांना विचारतात, बाजार काय म्हणतो. मेव्हण्याला विचारतात, नवीन काय. मला विचारतात, अजून वाढू का.

आज सासरे पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "काय हो, तुमचा कार्यक्रम कधी?"

माझा कार्यक्रम. मी म्हटलं, सत्तावीस एप्रिल. म्हणाले, "आम्हीही येऊ." मोठे जावई माझ्याकडे नुसते बघत राहिले. घरी येईपर्यंत मी स्कूटरवर गुणगुणत होतो.

रविवार, १४ एप्रिल

तालमीत आज बरंच बिनसलं. दोन गाणी मध्येच थांबली. मेव्हणा बाहेर जाऊन फोनवर बोलत होता, मग आत येऊन एकदम गोड. "भावोजी, काळजी करू नका, हॉलमध्ये सगळं बसतं."

संध्याकाळी तो घरी आला. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येताना ऐकलं, ही त्याला सांगत होती, "पण त्यांना कळू न देता कर हं. मला त्यांचा पडलेला चेहरा बघवत नाही." तो म्हणाला, "ताई, तू चिंताच सोड." मी दार वाजवून बाहेर आलो तर ही एकदम चहाचं विचारायला लागली.

बावीस तारखेला माझा वाढदिवस आहे. काहीतरी बेत शिजतोय. मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

मंगळवार, २३ एप्रिल

काल वाढदिवस झाला. हिने शर्ट दिला. बेत वगैरे काही नव्हता. बहुतेक कार्यक्रमाच्या दिवशी असेल.

शनिवार, २७ एप्रिल

झोप येत नाहीये. 

क्रमाने लिहितो. सहाला पोचलो. तळघराचा साउंडवाला मिक्सरपाशी बसलेला, अंगाने आडवा, बोलायला कमी. त्याने माझी वायर लावली आणि मला हेडफोन दिले. मला एकट्याला! क्लचला नाहीत, मेव्हण्यालाही नाहीत. म्हणाला, "तुम्हाला तुमचं स्वच्छ ऐकू येईल." आणि खरंच, इतकं स्वच्छ मी स्वतःला कधी ऐकलं नव्हतं. मेव्हण्याच्या पायाशी एक लॅपटॉप होता. विचारलं तर म्हणाला, बॅकअप.

हॉल गच्च. सासरे, सासूबाई, मोठे जावई दुसऱ्या रांगेत खुर्च्या टाकून. ही नवी ओढणी घेऊन. बबडी मागे मिक्सरपाशी उभी, मोबाइल वर धरून.

पाच गाणी. तिसऱ्यात माझी एक जागा आहे, सगळे थांबतात आणि आठ मात्रा मी एकटा. तालमीत ती कधीच सरळ गेली नव्हती. आज मी डोळे मिटून वाजवली आणि डोळे उघडले तर लोक ओरडत होते! एक उंच केसाळ माणूस मूठ वर करून.

खाली उतरल्यावर तो केसाळ माणूस मुद्दाम आला. "साहेब, काय बेस होता! छातीत घुमत होता." मी म्हटलं, प्रॅक्टिस आहे. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर पाठीवर हात ठेवला. मोठे जावई म्हणाले, "छुपे रुस्तम निघालात." मेव्हणा आणि क्लच एकमेकांना मिठी मारून हसत होते, किती वेळ हसत होते. यश पचवणं सोपं नसतं.

बबडी स्कूटरजवळ उभी होती. "कसं झालं?" विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखतंय."

गुरुवार, २ मे

दुकानात काउंटरवरच्या बाईंनी कार्यक्रमाचं विचारलं. मालकांनीसुद्धा. मागच्या खोलीत येऊन दोन मिनिटं उभे राहिले.

बबडी मात्र विचित्र वागतेय. ताट घेऊन खोलीत जाते. मी व्हिडिओ मागितला. "काढलाच नाही." अगं, तासभर मोबाइल वर धरून होतीस. "पुसला गेला." ही म्हणते वय आहे, लक्ष देऊ नका.

सोमवार, ६ मे

बबडी दुपारी दुकानात आली. चष्म्याची काडी सैल झाली होती. मागच्या खोलीत माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. मी स्क्रू आवळत होतो, आणि चष्म्याशिवाय तिला माझा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणूनच बहुतेक तिला बोलता आलं.

"बाबा, त्या दिवशी तुझा आवाज नव्हता."

"म्हणजे?"

"हॉलमध्ये नव्हता. फक्त तुझ्या हेडफोनमध्ये होता. मी साउंडवाल्याला म्हटलं, माझ्या बाबांचा जरा वाढवा ना. तो म्हणाला, तो बंदच ठेवायचाय, सांगितलंय तसं. मिक्सरवर पट्टी चिकटवली होती. त्यावर लिहिलेलं, भावोजी, आणि खाली बंद."

"आणि मग बेस कुणाचा वाजत होता?"

"लॅपटॉपमधला. जुन्या बेसवाल्या दादाने वाजवून पाठवलाय."

मी स्क्रू इतका आवळला की काडी हलेना. परत सैल केला.

"तुझा काहीतरी गैरसमज झालाय."

"मामाला विचार."

"विचारतो. आधी साउंडवाल्याला विचारतो. तू कुठे बोलू नकोस."

चष्मा घालून तिने माझ्याकडे बघितलं आणि रडायला लागली. रडायचं तर मी. मी तिला पाणी दिलं.

मंगळवार, ७ मे

साउंडवाल्याचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. जेवणाच्या सुट्टीत गेलो. त्याने मला ओळखलं. ओळखून हातातलं काम थांबवलं नाही.

"हो, बंद होतं. मला वाटलं तुम्हाला माहितीये. असं बरेच जण करतात. कुणाचा साहेब असतो, कुणाचा सासरा. त्यांना स्टेजवर उभं राहायची हौस असते."

"कुणी सांगितलं होतं?"

"तुमच्या मेव्हण्याने. आणि त्या ताई होत्या बरोबर. त्या म्हणाल्या, हेडफोनमध्ये मोठा ठेवा म्हणजे शंका येणार नाही."

कुठल्या ताई, ते मी विचारलं नाही. त्याच्याकडे किती लोक येतात, त्याला काय आठवणार.

प्रत्येकाचं वेगवेगळं रेकॉर्डिंग त्याच्याकडे असतं. माझंही होतं. "ऐकायचंय?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता लावलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. माझा बेस एकटाच वाजत होता, आणि त्याने बाजूला ड्रम लावून दाखवला. "बघा, हा ठोका, आणि हे तुम्ही. हा ठोका, हे तुम्ही." बोटाने दाखवत होता, वर्गात शिकवतात तसं. तिसऱ्या गाण्यातली आठ मात्रांची जागा आली तेव्हा एक गिऱ्हाईक हसलं. उद्धटपणे नाही, सहज, शिंक यावी तसं.

"पेनड्राइव्हवर देऊ?" म्हणाला. मी घेतला. का घेतला माहीत नाही.

घरी बबडी दारातच उभी होती. "विचारलंस?"

"दुकान बंद होतं."

"उद्या जा."

"बघतो."

बुधवार, ८ मे

सासऱ्यांचा फोन. रविवारी जेवायला या, शेजारच्यांना बोलावलंय, त्यांना तुमच्याबद्दल सांगितलंय.

रविवार, १२ मे

आजचं लिहायला नको वाटतंय, पण दुसरं कुणाला सांगणार?

सासरी मी सोडून अकरा जण होते. शेजारचे नवरा-बायको, मोठे जावई, सगळे. सासरे सांगत होते की हॉल कसा डोक्यावर घेतला होता. मेव्हणा म्हणाला, "भावोजींशिवाय आमचा बँड म्हणजे तीन चाकांची गाडी." आठ जूनला पुढचा कार्यक्रम ठरलाय म्हणाला.

बबडी उठून उभी राहिली. हातात वाटी होती, ती खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"मामा, तू बाबाचा आवाज बंद केला होतास."

सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"तू लॅपटॉप लावलास. पट्टीवर लिहिलं होतंस. आणि नंतर हसत होतास, तू आणि क्लचकाका. मी बघितलंय."

मेव्हण्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग तो हसला. "काय बोलते ही! ताई, ऐकलंस?"

ही म्हणाली, "तोंड सांभाळ. मोठ्यांशी असं बोलतात? परक्या लोकांसमोर?"

"आई, तुलाही माहिती होतं का?"

हिने तिच्या हातातली वाटी ओढून घेतली. आमटी हिच्याच साडीवर सांडली.

सासरे माझ्याकडे वळले. "जावईबापू, काय भानगड आहे?"

मेव्हणा म्हणाला, "भावोजी, तुम्हीच सांगा. तुम्हाला तुमचं ऐकू येत होतं की नाही?"

अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. इतकी माणसं त्या घरात माझ्याकडे कधी बघत नाहीत. बबडीही बघत होती. तिला वाटत होतं, मी आता विचारेन, काय रे, खरं आहे का हे? तेवढंच हवं होतं तिला. पेनड्राइव्ह माझ्या खिशात होता. मांडीला टोचत होता.

मी म्हटलं, "येत होतं. स्वच्छ येत होतं."

खोटं नाही बोललो. त्याने तेवढंच विचारलं होतं.

"बाबा!"

"बबडे, मामाची माफी माग."

तिला कळलंच नाही आधी. मग मी परत म्हटलं, जरा मोठ्याने. तिने मागितली. मेव्हणा म्हणाला, असू दे, लहान आहे. शेजारीण म्हणाली, आजकालची मुलं मोबाइलमुळे अशी झालीयेत. मग सगळे मोबाइलवर बोलले, आणि सासरे मला म्हणाले, "तुम्ही फार शांत माणूस. मी असतो तर दोन लगावल्या असत्या."

घरी आल्यावर हिने आठ दिवस बबडीचा मोबाइल काढून घेतला. मला विचारलं, बरोबर ना? मी म्हटलं, बरोबर. घर एका वाजवण्यावरून मोडायचं नसतं. बबडी मोठी झाल्यावर तिला कळेल की मी त्या दिवशी किती जणांना वाचवलं.

हीसुद्धा झोपताना म्हणाली, "तुम्ही समजूतदारपणे घेतलंत." कित्येक वर्षांनी माझ्या केसांतून हात फिरवला.

सोमवार, २० मे

कपडे धुवायला टाकताना बबडीला पँटच्या खिशात पेनड्राइव्ह सापडला. साउंडवाल्याच्या दुकानाचा स्टिकर आणि तारीख त्यावर होती, सात मे. तिने तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. "धुण्यात गेला असता," म्हणाली.

मग ती कपडे टाकायला परत गेली. स्टिकर वाचला नसेल. मी तो फोडून कचऱ्यात टाकला.

शुक्रवार, ३१ मे

तालीम बंद केलीये. मेव्हणा म्हणाला, "तुम्हाला आता गरजच नाही, डायरेक्ट स्टेजवर या." क्लच खोकला.

घरी मी वाजवतो अधूनमधून. बबडी दार लावून घेते. स्वयंपाकघरात मी एकदा म्हटलं, चल, टाळ्या वाजवू. म्हणाली, "अभ्यास आहे." मोबाइल परत दिलाय, तरी कुणाशी बोलत नाही. मार्क मात्र चांगले पडलेत.

शनिवार, ८ जून

दुसरा कार्यक्रमही झाला.

मी हेडफोन लावले. साउंडवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. त्याने मान हलवली, दुकानदार जुन्या गिऱ्हाइकाला हलवतो तशी. मग तो मिक्सरवर वाकला. या वेळी मी चुकलो तरी घाबरलो नाही. चौथ्या गाण्यात बोटं अडकली तेव्हा सरळ थांबलो, घाम पुसला, परत सुरू केलं. बेस चालूच होता. कुणाला पत्ता लागला नाही. उलट आठ मात्रांच्या जागेला मागच्या वेळेपेक्षा जास्त ओरडले. हात वर करून नमस्कार करायलाही जमलं, आठव्या मात्रेच्या आधीच केला बहुतेक. पुढच्या रांगेतली दोन पोरं माझ्या हाताकडे बोट दाखवून हसत होती. हसू देत.

बबडी येईल असं वाटलं नव्हतं. पण आली, हिच्याबरोबर, केस नीट बांधून. मागे मिक्सरपाशी नाही, अगदी पुढे उभी राहिली, आजोबांच्या खुर्चीशेजारी. प्रत्येक गाण्याला टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून हसतसुद्धा होती, सगळा वेळ, न थकता.

खाली आलो तर ती मामाशी बोलत होती. मामा म्हणाला, "झाली ना दोस्ती?" ती म्हणाली, "झाली." मग माझ्याजवळ आली, आणि मी काही विचारायच्या आत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, काय मस्त वाजवलंत! तुम्ही तर दिवसेंदिवस छानच होत चाललायत."

तुम्ही म्हणाली. मान द्यायला शिकली. सासरे खूश झाले, त्यांच्याबरोबर आलेली शेजारीण तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, किती गुणी पोर आहे. मला इतकं बरं वाटलं. जवळजवळ महिन्याने पोरगी माझ्याशी धड बोलली होती.

घरी येताना हिला म्हटलंही, बोलण्याची ढब बघितलीस का, अगदी तुझ्यावर गेलीये.